उशिरा पोचलेली पुस्तके

वर्ष सरत आले की रविवारच्या पुरवण्यांत, ग्रंथालयांच्या देवघेव विभागात आणि वाचणाऱ्या माणसांच्या गप्पांत तीच विचारणा सुरू होते. यंदा काय वाचलेत, त्यातले काय आवडले, आणि आता पुढे काय घेणार? ही विचारणा मला मनापासून आवडते. एकाच्या वाचण्यातून दुसऱ्याच्या हाती पुस्तक जाते, तिथे वाङ्मय जिवंत राहते. मात्र या याद्या बहुधा गेल्या वर्ष-दीड वर्षात छापलेल्या पुस्तकांच्याच असतात, हे मला खटकते. मराठी देवनागरीत छापले जाऊ लागले त्याला दोनशे वर्षे उलटून गेली. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ साली छापले गेले. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ निघाली. एवढ्या लांबच्या पल्ल्यातले शेवटचे अठरा महिने तेवढे आपले, असे मानून वाचायचे तर फार मोठ्या ठेव्यावर आपण स्वतःहून पाणी सोडतो.

यंदा माझ्या मनात सर्वांत खोल उतरलेली पुस्तके चार आहेत. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे ‘माझा प्रवास’, जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक, ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’. चौथे १८६३ साली निघाले आणि आपल्या काळाच्या वाचकाला वेळेवर भेटले. पहिली तिन्ही उशिरा पोचली. एक साठ वर्षे वेगळ्याच रूपात वाचले गेले, दुसरे सव्वाशे वर्षे छापलेच गेले नाही, आणि तिसरे छापून निघाले तरी नव्वद वर्षे कुणाच्या ध्यानात राहिले नाही. पुढे काय वाचावे, याचे उत्तर शोधताना या तीन उशिरांची कारणे पाहावीत, असे मला वाटते. आपल्या वाचनाची दिशा कोण ठरवत आले, हे त्यांतून समजते.

‘माझा प्रवास’पासून सुरुवात करतो. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरावर कर्ज होते. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी वार्ता आली आणि विष्णुभट काकांना सोबत घेऊन निघाले. साल १८५७. महूजवळ पोचतात तोच शिपायांचे बंड उभे राहते आणि दक्षिणेसाठी निघालेले हे दोघे थेट झाशीच्या वेढ्यात सापडतात. लुटले जातात, लपून बसतात, तहानेने व्याकूळ होतात, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परततात. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी हे सारे १८८३ साली लिहून काढले. ते छापले गेले १९०७ साली, तेव्हा लेखक हयात नव्हते.

छापले गेले ते वैद्यांच्या हातून फिरून. त्यांनी भाषा आपल्या काळाच्या वळणाची केली, काही मजकूर गाळला, मांडणी बदलली. त्यांना दोष देण्याची मला घाई नाही. सत्तावन्नच्या बंडावर त्या काळी छापणे जोखमीचे होते. सावरकरांच्या सत्तावन्नच्या इतिहासावर तर १९०९ साली प्रकाशित होण्याआधीच बंदी आली. वैद्यांनी मूळ हस्तलिखित फेकून दिले नाही, ते भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. हा त्यांचा मोठेपणा. त्यामुळेच दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली मूळ बखर जशीच्या तशी छापता आली. पण १९०७ ते १९६६ या काळात ज्या मराठी वाचकांनी ‘माझा प्रवास’ वाचले, त्यांनी विष्णुभट पुरते वाचलेच नव्हते. अमृतलाल नागरांनी हिंदीत नेले तेही वैद्यांच्याच पाठावरून.

यंदा मी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या. वैद्यांची आवृत्ती सरळ, नेटकी, कुठे न अडखळणारी. पोतदारांच्या आवृत्तीत माणूस बोलतो. वाक्ये लांबत जातात, मधेच जेवणाखाण्याचे वर्णन येते, दक्षिणेचा हिशेब येतो, भीती आली की ती लपवली जात नाही. ऐकीव माहितीत चुका आहेत. पण तहान, लूट आणि ओस पडलेले रस्ते याविषयी तो जे सांगतो ते पाहिलेल्याचेच सांगणे आहे. झाशी पडल्यावर वाटेत राणीची गाठ पडते, ती तहानलेली असते आणि विहिरीचे पाणी स्वतःच्या हाताने काढते. हा प्रसंग तो कसलाही आव न आणता लिहितो. लक्ष्मीबाईंवर मराठीत पुढे पुष्कळ लिहिले गेले. त्यात एवढ्या जवळून आणि एवढ्या साधेपणाने लिहिलेले दुसरे पान मला आठवत नाही.

संपादकाच्या हातून पुस्तक बदलले, तरी निदान ते वाचकाला मिळाले. ‘तृतीय रत्न’ला तेवढेही भाग्य लाभले नाही. त्याची कहाणी दक्षिणा फंडाशी जोडलेली आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अंमलात ही रक्कम हळूहळू कमी होत गेली, आणि १८४९ साली पुण्यातल्या तरुण सुधारकांनी अर्ज केला की तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी वापरावा. सनातनी मंडळी खवळली. त्या तरुणांच्या पाठीशी उभे राहिले ते जोतीराव आणि त्यांचे सोबती. अर्ज मान्य झाला, दक्षिणा प्राइझ कमिटी आली, मराठीत लिहिणाऱ्याला बक्षीस मिळू लागले. मराठी ग्रंथांच्या वाढीला सरकारातून मिळालेले हे मोठे पाठबळ.

१८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहून याच कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ज्या फंडासाठी त्यांनी अंगावर रोष ओढवून घेतला, त्याच फंडाच्या दारातून त्यांचे नाटक परत आले. नाटकात जोशी अडाणी कुणबी दांपत्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि शेवटी ते नवराबायको शिकण्यासाठी रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. नाकारणाऱ्यांना त्यात काय नको वाटले असेल, ते वाचताना उघड दिसते. नाटक छापून आले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. मधल्या सव्वाशे वर्षांत मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिला गेला, पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, त्यावर परीक्षा झाल्या. त्यात हे नाटक नव्हते. सर्वसामान्य कुणब्याच्या घरात घडणारे, बोलीत बोलणारे, विदूषकाच्या तोंडून थेट प्रेक्षकाला टोचणारे मराठी नाटक १८५५ साली लिहिले गेले होते, हे ठाऊक असते तर तो इतिहास तसाच लिहिता आला असता का? मला नाही वाटत.

‘स्त्री-पुरुष तुलना’ची गत निराळी. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला. तिला झालेली फाशीची शिक्षा पुढे कमी करून काळ्या पाण्याची करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवरच झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला उत्तर म्हणून हे पुस्तक लिहिले आणि १८८२ साली पुण्यात छापून घेतले. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे होते. मुलीला त्यांनी शिकवले होते. ताराबाईंची भाषा धारदार, घरगुती आणि निर्भय आहे. पुरुष ज्या दोषांसाठी स्त्रियांना नावे ठेवतात तेच दोष त्यांच्यात किती पटींनी आहेत, हे त्या एकेक प्रकरण घेऊन दाखवतात. शास्त्रकारांना जाब विचारतात, देवादिकांनाही सोडत नाहीत. पुस्तकावर टीका झाली. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर शांतता. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा कुठे मराठी वाचकाला कळले की असे कुणी लिहिले होते.

बक्षीस कमिटीने परत केले, संपादकाने बदलले, समीक्षकांनी नजरेआड केले. तिन्ही वेळा कुणी एका माणसाने दुष्टपणा केला, असे म्हणून भागणार नाही. एकोणिसाव्या शतकात मराठी वाचक घडत होता आणि त्याने काय वाचावे हे ठरवणाऱ्या संस्थाही त्याच्यासोबत घडत होत्या. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली प्राचीन मराठी कवितेचे ‘नवनीत’ संपादित केले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून तेच वाचले गेले. पंडित कवींना त्यात भरघोस जागा होती. शाळेत जे पाठ झाले तीच मराठी कविता, अशी समजूत पुष्कळ घरांत रुजली. १८६७ साली छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारकडे द्यावी लागे आणि त्यांच्या सूची निघत. अशा सरकारी सूचींवरून न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथरचनेचे आढावे लिहिले. मराठीत वर्षभरात काय छापले गेले याकडे गंभीरपणे पाहण्याची सुरुवात अशी कारकुनी नोंदीतून झाली. १८६७ सालीच ‘विविधज्ञानविस्तार’ निघाले आणि जवळजवळ सत्तर वर्षे ग्रंथपरीक्षणाचे काम करत राहिले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. १८७४ ते १८८१ या काळात ‘निबंधमाले’चे चौऱ्याऐंशी अंक त्यांनी जवळपास एकहाती लिहिले. मराठी गद्याला त्यांनी कणा दिला. पुस्तकाची परीक्षा कशी करावी हे आपल्या वाचकाला त्यांनी शिकवले. पुण्यात त्यांनी किताबखाना काढला. १८७८ साली काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासोबत त्यांनी ‘काव्येतिहास संग्रह’ सुरू केला, आणि माळ्यावर पडलेल्या बखरी व जुनी काव्ये त्यातून छापून निघाली. उशिरा पोचणाऱ्या पुस्तकांची वाट मोकळी करण्याचे हे केवढे मोठे काम! आणि याच विष्णुशास्त्र्यांनी जोतीरावांच्या लेखनाची भाषेवरून, व्याकरणावरून टवाळी केली. एका हाताने त्यांनी बखरींचे दार उघडले आणि दुसऱ्या हाताने ‘गुलामगिरी’च्या तोंडावर लावून घेतले. त्यांचा शब्द सुशिक्षित मराठी वाचकाला प्रमाण होता. त्यामुळे जे दार त्यांनी लावले ते लवकर उघडले नाही. त्यांच्यावर मी प्रेम करतो आणि म्हणूनच ही खंत मला अधिक लागते.

त्याच १८७८ साली रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ साली दुसरी भरली, तेव्हा जोतीरावांनाही निमंत्रण गेले. त्यांनी पत्र पाठवून नकार दिला. जे लोक शूद्रातिशूद्रांना माणसाचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. आज आपण त्या सभेला साहित्य संमेलनांच्या परंपरेतले दुसरे संमेलन म्हणतो. त्या परंपरेच्या आरंभालाच कोण बाहेर राहिले आणि का, हे पुढे काय वाचावे या प्रश्नाशी जोडून घ्यावेसे वाटते. आपली आवड आपण स्वतः बनवली, असे प्रत्येक वाचकाला वाटते. तिच्यातला मोठा भाग आपल्या जन्माआधीच कुणीतरी निवडून ठेवलेला असतो.

आता दुसरी बाजू. ही पुस्तके उशिरा का होईना पोचली, ती कुणामुळे? मराठीत ग्रंथालयांची परंपरा वृत्तपत्रांपेक्षाही जुनी आहे. रत्नागिरीला १८२८ साली, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघण्याच्या आधी, ग्रंथालय सुरू झाले. नाशिकला १८४०, पुण्याला १८४८, कोल्हापूरला १८५०. सुरुवातीच्या या नेटिव्ह जनरल लायब्रऱ्यांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा असे आणि वर्गणी परवडणारे वाचकही मोजके. खास मराठी ग्रंथ जमवायचे, जपायचे, या हेतूने १८९३ साली ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. त्यामागे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे होते. १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. मराठी पुस्तके छापली जातात आणि नाहीशी होतात, ही कळकळ या दोन्ही संस्थांच्या मुळाशी होती. ती नसती, तर आपल्या हाती एकोणिसाव्या शतकातले किती उरले असते!

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. गावात पुस्तकाचे दुकान नसले तरी पेटी येई. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून चालवलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना मला त्याच पेट्यांची वारस वाटते. तिच्या पेट्या महाराष्ट्राबाहेर आणि आखातातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही गेल्या. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. आज राज्यात अनुदान मिळणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांहून अधिक आहे.

पण या साऱ्यांत मला सर्वांत जवळचे वाटते ते शंकर गणेश दाते यांचे काम. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची वर्गीकृत सूची त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केली, आणि पुढच्या १९३८ ते १९५० या काळाची दुसरी १९६१ साली. संस्थेने करावे असे हे काम एका माणसाने आयुष्य घालून केले. मराठीत कुठल्या विषयावर, कुणी, कधी, काय लिहिले हे पाहायचे तर आजही अभ्यासक दात्यांकडेच जातात. सूची हा वाचायचा ग्रंथ नव्हे, असे अनेकांना वाटेल. मी यंदा तिची पाने सलग वाचत गेलो आणि मला त्यात कादंबरीइतके गुंतून जाता आले. शेतीवरची पुस्तके, पाकशास्त्र, घोड्यांची चिकित्सा, बायकांसाठी नीतिपाठ, नाटकांच्या पदांची चोपडी, दूर गावच्या छापखान्यांची नावे. आपल्या पणजोबांनी नेमके काय वाचले असेल, हे कळण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

अशा माणसांच्या रांगेतच मालशे आणि पोतदार उभे आहेत. आणि त्या रांगेला १९७० नंतर एक मोठा बदल येऊन मिळाला. दिनकर गांगल आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभी केली. वाचकांनी आगाऊ पैसे भरून पुस्तक घडवायचे, त्याची किंमत आवाक्यात ठेवायची, ते गावोगाव न्यायचे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ ग्रंथालीने काढले. ‘बलुतं’ उशिरा पोचले नाही. ते छापले गेले त्या वर्षीच घराघरांत वाद झाले, माणसे रात्रभर जागून वाचत राहिली. ‘तृतीय रत्न’ प्रथम छापले गेले ते त्याच्या पुढच्याच वर्षी. १८५५ आणि १९७८ मधला फरक मला इथे दिसतो. एके काळी कमिटीने परत केले की पुस्तक संपत होते. वाचकच प्रकाशकाच्या पाठीशी उभा राहिला तेव्हा कमिटीचे मत आड आले नाही.

आजची परिस्थिती कशी आहे? कमिट्यांचा धाक ओसरला. परीक्षणांची सदरे आक्रसली. १९६४ पासून पुस्तकांच्या जगाची बातमी देणारे ‘ललित’ आहे, दिवाळी अंक आहेत. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, ती प्रथा अजून तग धरून आहे. पण पुढचे पुस्तक कोणते, हे आता बऱ्याचदा हातातला फोन सांगतो. तुम्ही एक ऐतिहासिक कादंबरी घेतलीत की तो आणखी दहा ऐतिहासिक कादंबऱ्या पुढे करतो. जे खपले आहे तेच तो आणखी खपवू शकतो. ताराबाई शिंदे १८८२ साली कुणी विकत घेतल्या नाहीत, तर त्या त्याच्या हिशेबात नाहीतच. जुन्या काळच्या समीक्षकाशी निदान वाद घालता येत होता, जोतीरावांसारखे त्याला खरमरीत पत्र धाडता येत होते.

म्हणून ग्रंथपालाची जागा आज पूर्वीपेक्षा जास्त मोलाची झाली आहे, असे माझे ठाम मत आहे. चांगला ग्रंथपाल वाचकाच्या आवडीला एक पाऊल वाकडे वळवू शकतो. ‘बटाट्याची चाळ’ परत करायला आलेल्याच्या हाती ‘मुंबईचे वर्णन’ देतो आणि सांगतो, ही तीच मुंबई आहे, रेल्वे सुरू होऊन जेमतेम दहा वर्षे झालेली. माडगावकरांच्या पुस्तकात बाजार, देवळे, जत्रा, गोद्या, रस्त्यावरची माणसे आणि त्यांच्या जातीपाती यांची इतकी रेलचेल आहे की शहर डोळ्यांपुढे उभे राहते. असे वळवणारी माणसे आपल्याकडे आहेत. पण त्यांतल्या अनेकांना मिळणारे मानधन पाहिले की मान खाली जाते. अनुदान उशिरा येते, छपरे गळतात, आणि जुनी पुस्तके जीर्ण झाली म्हणून रद्दीत जातात. जुन्या तालुका ग्रंथालयांत १९०० पूर्वीची पुस्तके अजून निघू शकतात. ती कागदाच्या वयाने तुटत आहेत. अनुदानाच्या नियमांत जुन्या पुस्तकांच्या जतनासाठी वेगळा पैसा असावा, आणि अशी पुस्तके असलेल्या प्रत्येक ग्रंथालयाने त्यांची यादी दर्शनी भागात लावावी. ही मागणी मोठी नाही. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा पहिला खर्च इथे व्हावा.

आता पुढच्या वर्षीची यादी. नवी पुस्तके तीत आहेतच, कारण आजचा लेखक आजच वाचला पाहिजे. त्याला शंभर वर्षे थांबवण्याचे पातक आपल्या माथी नको. मनोज बोरगावकरांची ‘नदीष्ट’ आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ या कादंबऱ्या ज्यांनी अजून वाचल्या नसतील त्यांनी आधी त्या घ्याव्यात. नदीकाठची माणसे आणि धरणाने उठवलेली माणसे यांच्याविषयी इतक्या जवळून लिहिणारे लेखक आपल्या काळात आहेत, हे आपले भाग्य.

त्यांच्यासोबत मी काही जुनी घेणार आहे. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’, १८५७ चे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेत तिचे नाव सगळ्यांनी लिहिले, वाचली थोड्यांनी. विधवांच्या दुःखावरचे ते पुस्तक मी ताराबाईंच्या शेजारी ठेवून वाचणार आहे. एक धर्मोपदेशकाच्या बाजूने लिहिलेले, दुसरे सोसणाऱ्यांच्या बाजूने. त्या दोघांत पाव शतकाचे अंतर आहे आणि त्या अंतरात मराठी बाई स्वतः बोलू लागली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी पुन्हा वाचणार आहे. बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हे १९६३ चे पुस्तकही. त्याच वर्षी ‘कोसला’ निघाली. दोन्ही एकापाठोपाठ वाचली तर एकाच सालात मराठी गद्याने किती दिशांनी झेप घेतली, ते ध्यानात येईल.

मोठे वाचन गोव्याचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर इथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य. त्याच्या सतराव्या शतकात निघालेल्या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा रोमन लिपीत छापले गेले, आणि शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती आली १९५६ साली. म्हणजे मराठी ओवीत लिहिलेले पुराण देवनागरी वाचणाऱ्यापर्यंत यायला तीनशे चाळीस वर्षे लागली. ते एकट्याने मनात वाचायचे काव्य नव्हे. दोघेतिघे बसून, रोज शेपन्नास ओव्या मोठ्याने, अशी त्याची योजना केली आहे.

आणि अगदी छोटे वाचन एकच. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. म्हणजे ‘तृतीय रत्न’ लिहिले गेले त्याच वर्षी. काही पानांचाच आहे. तो शाळेत वाचून दाखवायला एक तास पुरतो. आठवी-नववीच्या मराठीच्या शिक्षकांनी येत्या जूनमध्ये तो तास काढावा. निबंध लिहिणारी मुलगी त्याच वयाच्या आसपासची होती.